आगगाडीमागचं लांबपण

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. सांगायचे प्रसंग आले नाहीत असं नाही. शाळेत चित्रकला शिकवत होतो तेव्हा मुलं विचारायची, "सर, तुमचे गुरू कोण?" मी हैदराबादला ज्यांच्याकडे नाटकाचे पडदे रंगवायला होतो त्या उस्तादांचं नाव सांगायचो आणि फळ्याकडे वळायचो. निवृत्तीच्या समारंभात भाषण करायला उभा राहिलो, तेव्हाही तेच नाव घेतलं. मागच्या वर्षी नातू मला त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थाकडे घेऊन गेला. त्या गृहस्थांनी अख्ख्या खोलीत खेळातली रेल्वे मांडली होती. रूळ, बोगदे, सिग्नल, वीतभर उंचीचं स्टेशन, सगळं अगदी बारकाईनं केलेलं. त्यांची अडचण एकच होती. "काका, मागचा डोंगर खरा वाटत नाही. छापील आणला तरी भिंत ती भिंतच दिसते." मी म्हणालो, "लांबचा डोंगर गडद झालाय. त्यात पांढरा आणि थोडा निळा घाला. आणि कोपऱ्यात पडदा गोल वळवा, घडी पडू देऊ नका." ते गृहस्थ खूश झाले. "हे कुठं शिकलात?" म्हणाले. मी म्हणालो, "अनुभवानं." ऐंशी ओलांडल्यावर, काही कारण नसताना, मी पुन्हा खोटं बोललो. घरी आलो आणि ही वही काढली.

आमचं घर हिंगोलीला, स्टेशनपासून फार लांब नाही. त्या काळी पूर्णेहून येणारी गाडी हिंगोलीत संपायची. पुढं रूळच नव्हते. इंजिन तोंड फिरवून आल्या वाटेनं परत जायचं. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, मालगोदामात कारकून होते. कापसाच्या गाठी आणि हळदीची पोती यांच्यात त्यांचा दिवस जाई, आणि संध्याकाळी ते घरात शिरले की अंगाला हळदीचा वास यायचा. घरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. सकाळच्या गाडीची शिट्टी झाली की आई भाकरीचा तवा चढवायची. दुपारी शंटिंगचे धक्के ऐकू यायचे, एक, दोन, तीन, लांबत जाणारे, आणि ते थांबले की गल्ली झोपायची.

नानांची धाकटी बहीण आमच्याकडेच राहायची. सगळे तिला माई म्हणत. लग्न झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि दोन वर्षांत कपाळ पांढरं करून परत आली. मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा ती तिशीला आली असेल. पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाकघरात असायची. वांग्याच्या भाजीत तीळ आणि खोबरं भाजून घालायची, आंबट चुक्याच्या भाजीला लसणीची फोडणी द्यायची, आणि हे करताना सारखे प्रश्न विचारायची. प्रश्न विचारणं हा तिचा स्वभावच होता. "काहून रे वसंता, धूर आधी काळा आन् मग पांढरा काहून होतो?" "विहिरीत वाकून बघितलं की आभाळ खाली दिसतं, मग ते जवळ दिसतं का लांब?" मला उत्तरं येत नसत. मी म्हणायचो, "माई, तुला काय करायचंय?" ती म्हणायची, "करायचं काई न्हाई. कळायचंय."

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी उभ्या, भरजरी नेसलेल्या, आणि त्यांच्यापुढं आरास. मराठवाड्यात ज्यांच्या घरी महालक्ष्म्या असतात त्यांना आरास म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. देवींपुढं पायऱ्यांवर आणि जमिनीवर खेळणी मांडायची, मातीची गावं करायची, परातीत गहू पेरून हिरवी शेतं करायची, वर फुलोरा टांगायचा, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बाया घरोघरची आरास बघून वर्षभर पुरेल एवढं बोलत. नानांची नोकरी रेल्वेतली, म्हणून आमच्या आराशीत रेल्वे हवी असं मी ठरवलं. शेजारच्या गल्लीत करीमचाचा रॉकेलच्या डब्यांचे कंदील करत. त्यांनी त्याच पत्र्याचं इंजिन आणि चार डबे करून दिले. मी लाकडी पट्ट्यांचे रूळ केले, दोन टोकांना दोन चाकं लावली आणि दोरीनं गाडी ओढायची सोय केली. चाचा येऊन बघून गेले. कानामागची बिडी काढून म्हणाले, "इंजन तर बराबर झालं रे वसंता. पर त्यानं जायाचं कुठं?"

तेच झालं. गाडी पळायची, पण मागं आमची चुन्यानं सारवलेली भिंत. हळदीकुंकवाला आलेल्या एका काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं बया, ह्याची गाडी तर भित्तीवर जाऊन आपटून राहिली!" बाया हसल्या. मी चिडून स्वयंपाकघरात गेलो. माई पुरण वाटत होती. आराशीला तिनं हात लावायचा नाही असा रिवाज होता. पुरण तिच्या हातचं देवीला चालायचं, पण पुढं मांडलेली माती चालायची नाही. दाराच्या फटीतून मात्र तिनं सगळं बघितलेलं होतं. ती म्हणाली, "तुझ्या गाडीत खोट न्हाई. तिच्या मागं लांबपण न्हाई."

"म्हणजे काय?"

"ते मलाबी अजून कळलं न्हाई. बघू."

आणि ती वर्षभर बघत राहिली. आमच्या घराला माळवद होतं, मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत घालायला ती वर जायची ती तास तास खाली यायची नाही. औंढ्याच्या बाजूचे डोंगर तिथून दिसत. एक दिवस तिनं मला वर बोलावलं. हातात कोळसा होता. तो तिनं डोळ्यांपुढं धरला आणि एक डोळा मिटला. "तू बघ. कोळसा काळा. ते लिंबाचं झाड हिरवं. त्याच्यामागची टेकडी तपकिरी. आन् तो डोंगर? त्याच्यावर बी झाडंच हायेत ना? मग तो निळा काहून? आन् त्याच्याबी मागचा तर आभाळात विरघळून राहिला." ती एवढी आनंदली होती की तिचा पदर पडला तरी तिला कळलं नाही. "वसंता, लांबचं सगळं फिकं होतं रे. लांबपण म्हणजे फिकेपण."

मला आजही ते दुपारचं ऊन दिसतं. पुढं हैदराबादला उस्तादांनी हीच गोष्ट मला मोठ्या थाटात शिकवली, तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा केला होता.

मग तिनं मला गाडीत बसवलं. नानांच्या पासावर मी वसमतपर्यंत जाऊन यायचो. ती स्वतः कधी गाडीत बसली नव्हती. निघताना मला प्रश्न द्यायची आणि परत आल्यावर उत्तरं मागायची. "गाडी पळताना झाड पळतं का डोंगर?"

"झाड पळतं. तारेचे खांब तर अंगावरच येतात."

"आन् डोंगर?"

"डोंगर आपल्यासंगं येतो. बराच वेळ येतो."

ती वाटीतलं ताक ढवळत थांबली. "मग डोंगर कापडावर काढायचा आन् झाडं गाडीच्या पुढं उभी करायची. अल्लग."

पडदा आमच्या कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या कणग्यांच्या मागं तयार झाला. शंटिंगचे धक्के थांबले, नाना गोदामात आणि आई आडवी झालेली, एवढाच तिचा वेळ. नानांची दोन जुनी धोतरं तिनं जोडली. शिवण दिसू नये म्हणून ती बरोबर डोंगराच्या कडेवर घेतली. कापडाला खळ आणि चुना दिला. रंग घरातलेच. कपड्यांची नीळ, गेरू, दिव्याची काजळी, वालाच्या पानांचा रस. सगळ्यात मागच्या डोंगरासाठी तिनं चुन्यात एवढीशी नीळ घातली की मला वाटलं डोंगर दिसणारच नाही. दिसला. घराच्या कोपऱ्यात पडद्याला घडी पडायची आणि आभाळ मोडल्यासारखं व्हायचं. त्यावर तिनं बांबूच्या कामट्या वाकवून कापड कोपऱ्यात गोल फिरवलं, आणि कोपरा नाहीसाच झाला. पडदा जमिनीला टेकायचा तिथं परातीतले गहू लावायचे असं ठरलं. मी कामट्या तासल्या, नीळ आणून दिली, गाडी नीट केली. रंगाचा कुंचला मी एकदाच धरला आणि एक बाभूळ काढली. तिनं ती बघितली. "ही झाडू छान झाली," म्हणाली, आणि वर चुना फिरवला.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आभाळाच्या खालच्या कडेला तिला संध्याकाळचा पिवळा उजेड हवा होता. तिनं हळद कालवली आणि ओल्या चुन्यावर बोटांनी ओढली. बघता बघता पिवळ्याचं लाल झालं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे घरोघरच्या बायांना माहीत असतं. तिलाही माहीत होतं. पण रंगाच्या नादात ती विसरली. पडद्यावर सूर्य मावळल्यावर उरतो तसा लाल पट्टा उमटला आणि ती हसली, मोठ्यानं. "अरे बघ, बघ, आपोआप झालं!" मग तिचं लक्ष हाताकडे गेलं. पाचही बोटं कुंकवानं माखल्यासारखी. नेमकी त्याच वेळी दारात आई उभी.

आई पडद्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग हळू म्हणाली, "वन्सं, आधी चिंचेच्या पाण्यानं हात धुवा. नानांना दिसलं तर अनर्थ होईल." चिंचेनं लाल पुन्हा पिवळं होतं. माईनं हात धुतले. आई मला म्हणाली, "वसंता, पडदा तू केला म्हणायचं. सवाशिणीच्या आराशीला विधवेचा हात लागला म्हणून कळलं तर एक बाई आपल्या घरी यायची न्हाई."

माई हात पुसत म्हणाली, "म्हणा की. माझं काय जातं?"

हे मुद्दाम लिहून ठेवतो. पहिलं खोटं तिघांच्या संमतीचं होतं. त्याचं ओझं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी गव्हाच्या शेतांतून निघायची, पुढून बाभळी सरकायच्या, मागं टेकड्या, त्यांच्यामागं निळे डोंगर, आणि त्यांच्यावर आभाळाच्या कडेला तो लाल पट्टा. आदल्या वर्षीच्या त्याच काकू दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाल्या, "बाई गं! गाडी गेली कुठं ही? पार पूर्णेला गेली जणू!" करीमचाचा अंगणातून दारात येऊन वाकून बघून गेले. "आता जायाला जागा झाली," म्हणाले. नाना ओसरीवर बसून आल्यागेल्याला सांगत होते, "आमच्या पोरानं केलंय. कुणी शिकवलं न्हाई."

दुपारी परभणीच्या एक बाई आल्या. मुलींची एक नवी शाळा तिथं निघाली होती, तिच्या त्या मोठ्या बाई. हिंगोलीत मुली गोळा करायला आल्या होत्या आणि शेजारणीसोबत आरास बघायला आल्या. बाकीच्या बाया गाडी बघत होत्या. या पडद्याजवळ गेल्या, चष्मा काढला, परत घातला. मला बोलावलं.

"कोपरा गोल करायचं कसं सुचलं?"

मी म्हणालो, "कोपऱ्यात आभाळ मोडत होतं."

"आणि डोंगर इतका फिका?"

"लांबपण म्हणजे फिकेपण," मी म्हणालो. माईचे शब्द, जसेच्या तसे. तिच्या पडद्यासारखेच मी तेही उचलले.

बाई माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "मला हे बाईमाणसाचं काम वाटलं होतं. हे गाडीतून बघितलेलं नाही, माळवदावरून बघितलेलं आहे. आणि शिवण कुठं घेतलीय बघ. खरं सांग, घरातल्या कुणी केलं असलं तर मला चित्रकलेला बाई हवीच आहे. राहायला खोली आहे. विधवा असली तरी हरकत नाही, तशा दोघी आहेत आमच्याकडे. कोण काय म्हणेल ते मी बघून घेईन."

हे त्या हळू बोलल्या, पण स्वयंपाकघराचं दार दोन हातांवर होतं आणि ते पुरतं लागलेलं नव्हतं. आत पोळपाटाचा आवाज थांबला. मी ऐकला, थांबलेला. ओसरीवर नाना होते. आई हळदीकुंकवाची ताटली घेऊन माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मीच केला. एकट्यानं."

"मीच केला" एवढं म्हणणं त्या क्षणी भाग होतं असं मी स्वतःला कित्येक वर्षं समजावलं. घर भरलेलं, देवी बसलेल्या, नाना जवळच. पण "एकट्यानं" कुणी विचारलं नव्हतं. ते माझं होतं. सकाळपासून कौतुक ऐकून ऐकून पडदा मी केला हे मलाच खरं वाटायला लागलं होतं. निघताना बाईंनी मला अंगणात नेलं आणि म्हणाल्या, "मग तुलाच पाठवते. हैदराबादला माझ्या ओळखीचे उस्ताद आहेत, नाटकाचे पडदे करतात. उद्या सकाळच्या गाडीनं मी जाणार. स्टेशनवर ये, चिठ्ठी देते."

संध्याकाळी मी पाणी प्यायला आत गेलो. माई चुलीशी बसली होती. चेहऱ्यावर असं काही होतं जे मी कधी पाहिलं नव्हतं, भीती आणि उत्सुकता दोन्ही. ती कुजबुजली, "वसंता, त्या बाई अजून गावात हायेत का रे? कुठं उतरल्या? मी एकदा मागच्या दारानं जाऊन..."

मला सगळं कळलं होतं. तिला काय हवंय ते, आणि ती तिथं गेली तर माझ्या चिठ्ठीचं काय होईल तेही. बाई शेजारणीकडेच उतरल्या होत्या, तीन घरं पलीकडे. मी म्हणालो, "गेल्या. दुपारच्या गाडीनं."

ती "व्हय का" म्हणाली आणि चुलीतलं लाकूड आत सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर जाऊन चिठ्ठी घेतली. नाना तिथंच कामावर होते. त्यांनी बाईंना डब्यात बसवून दिलं आणि त्यांना त्याचा मोठा अभिमान वाटला. जेवायला बसलो तेव्हा ते म्हणाले, "बाईंना मीच बसवलं आज सकाळी. वसंताला चिठ्ठी दिली. मोठी माणसं!" माई कढी वाढत होती. माझ्या वाटीत तिनं कढी वाढली, बेताची, सांडली नाही, आणि पुढं गेली. मी वर बघितलं नाही.

मी हैदराबादला गेलो. उस्तादांकडे पहिली दोन वर्षं नुसते रंग घोटले, कारण पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की मला काढता येत नाही. हळूहळू जमलं. त्यावर नोकरी मिळाली, संसार झाला. सुट्टीत घरी यायचो तेव्हा माई वाढायची, कपड्यांना नीळ घालायची, तब्येत बरी ठेव म्हणायची. पण प्रश्न विचारत नसे. हैदराबाद कसं आहे, पडदे किती मोठे असतात, तिथले डोंगर कसे आहेत, एकही नाही. मी मुद्दाम बोलणं काढायचो. ती "असंल" म्हणायची.

मग रझाकारांच्या गडबडीचं वर्ष आलं. आई-नाना निजामाच्या सीमेपलीकडे वाशीमला गेले. माई गेली नाही. आखाडा बाळापूरला तिच्या सासरची जाऊ एकटी होती, तिच्याकडे गेली. पोलीस ॲक्शन झाली, रस्ते सुरू झाले, तेव्हा मी हैदराबादहून निघालो तो थेट बाळापूरला. वाटेत मोटारीत एकच वाक्य जुळवत होतो. बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर बैलगाड्यांची दाटी होती. माई ओसरीवर सुपात मिरच्या निवडत होती. केस पांढरे झालेले. मला बघून उठली, पाणी दिलं, भाकरी आणि पातळ पिठलं वाढलं. जाऊबाई आतबाहेर करत होत्या. त्या शेजारी गेल्या आणि आम्ही दोघंच राहिलो. तिनं सूप खाली ठेवलं आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"काहून आलास रे वसंता इतक्या लांब?"

इतक्या वर्षांनी तिनं मला प्रश्न विचारला होता. वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आलेलं. मी म्हणालो, "सहजच. हिकडं काम होतं."

तिनं मग सूप उचललं आणि मिरच्यांची देठं काढायला लागली. संध्याकाळच्या मोटारीनं मी निघालो. पुढच्या उन्हाळ्यात ती गेल्याचं कार्ड मला हैदराबादला मिळालं.

जुळवलेलं वाक्य मोठं नव्हतं. अजून पाठ आहे. माई, त्या बाई गेल्या नव्हत्या. तीन घरं पलीकडे होत्या, सकाळपर्यंत होत्या, आणि मला माहीत होतं. माझं चुकलं.